हौस कोणाची, कर्णधार कोण?

'हौशी क्रिकेट' हा शब्द आपण सहज वापरतो. पण ही हौस परवडत कोणाला होती? ज्या स्पर्धेने या देशात क्रिकेट रुजवले, त्या मुंबईच्या सामन्यांकडे या प्रश्नाच्या बाजूने पाहावे, म्हणून हा लेख.

स्पर्धेची जडणघडण थोडक्यात अशी. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले. १९०७ साली हिंदू आले, सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमान आले, चौरंगी झाले. १९३७ साली ख्रिस्ती वगैरे 'इतरां'चा संघ येऊन पंचरंगी झाले, आणि १९४६ साली हे सारे बंद पडले. धर्मावर संघ पाडणे वाईट, असे गांधीजींनी १९४० साली सांगितले होते. ते खरेच होते. पण एका धर्माच्या पोटात काय चालले होते, ते आपल्याला अधिक कळते.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. जात चांभार. पुण्यात पारशांच्या मैदानावर आणि पुढे गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, जाळी लावणे ही त्यांची कामे. पगार महिना चार रुपये सांगतात. साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकायला हवा असे. बाळू डाव्या हाताने तासन् तास टाकत राहिले आणि त्यातूनच ती फिरकी तयार झाली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची आणि राबणे नोकराचे, ही वाटणी आपल्या लोकांना नवी नव्हती.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवायला वेगळे टेबल. म्हणजे विटाळ वस्तूला लागत नव्हता, गरजेनुसार तो लावला किंवा काढला जात होता. अस्पृश्यता समजावून सांगताना वर्गात मी हेच उदाहरण देतो. धर्मशास्त्राच्या दहा वचनांपेक्षा ते मुलांना लवकर कळते.

१९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम त्या संघात होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदूंचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० साली तर त्यांना वगळले आणि भावांचा हक्कही डावलला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले व त्यांनी जाहीर निवेदन काढले. संघ अडला, तेव्हा बाळू उपकर्णधार झाले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू जिंकले. ही कृपा नव्हती. आधी नकार देण्याची हिंमत दाखवावी लागली होती.

माझ्या गावच्या संघात मला चेंडू टाकायला बोलावत, नाणेफेकीला कधीच नाही. तेव्हा मला ते वयामुळे वाटे!

आता अवघड भाग. १९३२ साली पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. आपल्यापैकी अनेकांनी एवढ्यावरूनच त्यांना पुसून टाकले. मला त्यांची राजकीय बाजू चुकीचीच वाटते. पण ज्या माणसाला आयुष्यभर 'तुम्ही आमचे' म्हणत बाहेर चहा पाजला, त्यालाच आपल्या नेत्यासमोर उभे करणाऱ्यांचा हिशेब कोण मांडणार? आणि ११,२२५ मते ही काही फक्त पक्षाची नव्हती. त्यांत मैदानावरच्या प्रेमाचीही असणार, असे मला वाटते.

बाळू १९५५ साली वारले. विठ्ठल यांचे आत्मचरित्र मराठीतच आहे, १९४८ चे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात क्रिकेटवरची दोन कपाटे आहेत, त्यात ते नाही. कोणा वाचकाकडे प्रत असल्यास संपादकांकडे कळवावे. मी येऊन, हाताने उतरवून घेईन.