गीझरमधला चुना : दिवाळीपूर्वी एवढे कराच



गेल्या थंडीत आमच्या गीझरखालचा व्हॉल्व्ह थेंब थेंब गळू लागला. बोलावलेल्या मिस्त्रीने दहा मिनिटांत त्याच्या तोंडाला बूच बसवले आणि पैसे घेऊन तो गेला. गळणे थांबले, आम्हीही समाधानी. महिन्याभराने गरम पाणी पुरेनासे झाले, तेव्हा दुसऱ्या एका जाणत्या कारागिराला बोलावले. त्याने ते बूच पाहिले आणि आधी मेन स्विच बंद करायला लावला. "काका, हे भोक सुरक्षेसाठी असते. थर्मोस्टॅट बिघडला असता तर टाकी फुटली असती," तो म्हणाला. मग त्याने एलिमेंट बाहेर काढले. त्यावर पांढरा, खडबडीत थर होता आणि टाकीच्या तळाशी तसाच ओंजळभर चुरा.

हा चुना येतो कुठून, आणि त्याचे काय करायचे, हे त्यानंतर मी समजून घेतले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बोअरचे किंवा विहिरीचे पाणी आहे, म्हणून ते इथे मांडतो.

आपल्याच भागात इतका चुना का?

पावसाचे पाणी मुळात मृदू असते. जमिनीत मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवते. पांढुर्ण्याकडे काळा बेसाल्ट खडक आहे. त्यात ही दोन्ही द्रव्ये भरपूर. काळ्या मातीत चुनखडीचे खडे आपण शेतात नेहमीच पाहतो. सौसर परिसराची तर गोष्टच वेगळी. इथल्या प्राचीन खडकांना भूशास्त्रात 'सौसर समूह' हेच नाव आहे. मँगनीजसाठी ते प्रसिद्ध आहेत, पण त्यांत संगमरवरही आहे, आणि संगमरवर म्हणजे मुख्यतः चुन्याचाच खडक.

पाण्यात विरघळलेला हा चुना डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना घट्ट होऊन बाहेर पडतो. जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथे म्हणजे एलिमेंटवर, तो आधी बसतो. पाणी 60 अंशांच्या वर गेले की हा वेग चांगलाच वाढतो.

जरा हिशेब करू

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. समजा, आपल्या पाण्यात 300 आहे आणि घरात रोज 100 लिटर पाणी तापते. म्हणजे गीझरमधून रोज 30 ग्रॅम क्षार जातात. त्यातला दहावा हिस्साच आत राहिला, तरी रोजचे 3 ग्रॅम, वर्षाला एक किलोहून अधिक. आवर्ती ठेवीसारखे हे खाते गुपचूप वाढत राहते.

आपले पाणी कसे आहे हे ओळखायला बाटलीत थोडे पाणी आणि साध्या साबणाचा कीस घालून हलवा. फेस न होता पांढरट साका झाला, तर पाणी कठीण. नक्की आकडा हवा असेल तर पीएचई विभागाच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. टीडीएस मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो, कठीणपणा वेगळा दाखवत नाही.

नुकसान काय होते?

चुन्याचा थर उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे आतले एलिमेंट प्रमाणाबाहेर तापते आणि शेवटी जळते किंवा तडकते. तडकलेल्या एलिमेंटमुळे पाण्यात वीज उतरू शकते. अर्थिंग नीट नसेल तर हे जिवावर बेतते. टाकीत चुरा साचला की पाण्याची जागा कमी होते. गीझरमधून तडतड आवाज येणे, गरम पाणी लवकर संपणे, शॉवरमधून पांढरे कण पडणे, ही लक्षणे दिसली की समजावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दाब सोडणारा व्हॉल्व्ह. 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे 200 मिलिलिटरने फुगते. त्यामुळे तापताना चार थेंब गळले तर घाबरू नका. सतत गळत असेल, किंवा कधीच उघडत नसेल, तर तो चुन्याने अडकला असू शकतो. व्हॉल्व्ह बदला, पण त्याला बूच कधीही मारू नका.

उपाय

थर्मोस्टॅट 50 ते 55 अंशांवर ठेवा. गीझर दिवसभर चालू ठेवू नका. ज्यांना तो सतत चालू ठेवावाच लागतो, त्यांनी जंतू वाढू नयेत म्हणून अधूनमधून पाणी 60 अंशांपर्यंत तापवावे.

वर्षातून एकदा टाकी रिकामी करून साफ करून घ्या. नुसते बटण नव्हे, एमसीबी बंद करा, पाणी गार होऊ द्या आणि मग कारागिराकडून एलिमेंट काढून घ्या. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे 50 ग्रॅम लिंबूसत घालून त्यात ते बुडवा; वायरिंगचे टोक कोरडे ठेवा. फेस येणे थांबले की धुऊन घ्या. मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही बदला, कारण टाकी गंजू नये म्हणून तोच झिजत असतो. बसवताना नवे रबर वापरा, आणि गरम नळातून सलग धार येईपर्यंत वीज सुरू करू नका. फरशी धुण्याचे ॲसिड वापरू नका, ते धातूच खाते. आणि कोणतेही आम्ल ब्लीचमध्ये मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

आपल्या आजीने तांब्याचा बंब चिंचेने घासला, त्यामागेही हेच आम्ल-शास्त्र होते.

सोलरवाल्यांनी उन्हाळ्यात जास्त जपावे. तेव्हा गरम पाणी कोणी वापरत नाही, पण तापमान सर्वांत जास्त असते. नळ्यांवर कापड झाका. रिकाम्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, काच तडकते. गॅस गीझरमध्ये चुन्यामुळे उष्णता धुराड्यावाटे वाया जाते आणि गॅस जास्त लागतो. तो बंद बाथरूममध्ये मात्र मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. इमर्शन रॉडवर चुना दिसला तर प्लग काढून, रॉड गार झाल्यावरच लिंबूसताच्या पाण्याने पुसा.

पाणी मृदू करणारे यंत्र हाही मार्ग आहे, पण त्याला नियमित मीठ घालावे लागते. नळाला धरणाचे किंवा तलावाचे पाणी येत असेल, तर गीझरला बोअरऐवजी तेच जोडा. ते बहुधा कमी कठीण असते.

दिवाळीची साफसफाई करताना माळा, डबे, देवघर सगळे होते. यंदा त्या यादीत गीझर घाला, आणि अभ्यंगस्नानाच्या आधी एकदा खाली वाकून व्हॉल्व्हचे तोंड मोकळे आहे ना, एवढे पाहाच.