रोग का लपविला जातो?

सोलापूर शहरात कोरोनाचा पहिला रोगी १२ एप्रिल २०२० रोजी उघडकीस आला. परंतु त्या वेळी तो हयात नव्हता. मृत्यूनंतर तपासणीचा निकाल हाती आला, आणि मगच साथ गावात शिरल्याची वार्ता शहरास कळली. एका गृहस्थाचे दुर्दैव म्हणून ही गोष्ट सोडून देता येणार नाही. पुढे कित्येक आठवडे येथील मृत्यूचे प्रमाण चिंताजनक राहिले, आणि रोगी रुग्णालयात फार उशिरा येतात अशी तक्रार वारंवार ऐकू आली. मनुष्य दम लागेपर्यंत घरी का थांबतो, याचा विचार साथ नसतानाच झाला पाहिजे. साथ आली म्हणजे विचारास सवड राहत नाही.

अज्ञान हे याचे सोपे उत्तर होय, पण ते अपुरे आहे. या शहरात हजारो स्त्रिया घरी बसून बिड्या वळतात व त्यांस मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळते. यंत्रमागावरील कामगाराचीही कमाई बहुधा विणलेल्या मालावरच अवलंबून असते. अशा माणसाने आपला ताप जाहीर केला की रोजी बुडाली, घरची माणसे विलगीकरणात गेली आणि शेजाऱ्यांनी तोंड फिरविले! गप्प राहिल्यास कदाचित दोन दिवसांत बरेही वाटेल. यांपैकी तो कोणता मार्ग पत्करील, हे आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगावयास नको.

रोगाचा हिशेब मात्र निराळा आहे. कोरोनाचा विषाणू लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच श्वासावाटे पसरू लागतो, आणि कोंदट खोलीत त्याचे सूक्ष्म कण बराच वेळ हवेत तरंगत राहतात. एका खोलीत पाचसहा माणसे निजत असतील, तेथे रोग लपविण्यात गेलेला एक दिवस सबंध घरास भोवतो.

केवळ धाकाने हे लपविणे थांबत नाही, हा धडा जुनाच आहे. १८९७ साली प्लेगसाठी साथरोग कायदा झाला. त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरझडत्या घेतल्या. लोक रोगी लपवू लागले, आणि २२ जून रोजी प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली, व त्यातच लागण होऊन १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. एकीकडे रोगी झडतीत पकडला जाई, दुसरीकडे तो सेवेसाठी उचलून आणला जाई. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात अंमल झाला तो १८९७ च्याच कायद्याचा. त्यात आज्ञाभंगास शिक्षा सांगितली आहे. घरी बसविलेल्या मजुराच्या पोटाची हमी नाही.

निर्बंध नकोत असे आमचे म्हणणे नाही. २०२० च्या आषाढीस पायी वारी न होता संतांच्या पादुका बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. शतकांची परंपरा असूनही वारकऱ्यांनी ते मानले, कारण पालखी सोहळ्यांच्या प्रमुखांस आधी विश्वासात घेतले होते. हाच विश्वास विडी कामगारांच्या वस्तीतही संपादन करावयास हवा.

त्यासाठी महानगरपालिकेने, कारखानदारांची वर्गणी घेऊन, विलगीकरणातील मजुराच्या बुडालेल्या रोजीकरिता निधी आताच उभारावा. सूचना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दूतही द्याव्यात, आणि त्या ओळखीच्या आशाताईंनी घरोघर जाऊन सांगाव्यात. रोग्याचे नाव चव्हाट्यावर येऊ देऊ नये. व्यापाऱ्यांनी खोकणाऱ्या नोकरास पगारी रजा द्यावी व दुकानाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एका नोकराची तीन दिवसांची रजा सबंध पेठ बंद पडण्याहून खचितच स्वस्त पडते.

पुढील साथीचे नाव आज कोणास ठाऊक नाही. परंतु तिचा पहिला रोगी आपल्यापैकीच कोणाचा तरी नोकर वा शेजारी असेल. त्याने पहिल्या तापातच दवाखान्याची पायरी चढावी असे वाटत असेल, तर त्यामुळे त्याचे जे बुडेल ते कोण भरून देणार, हे त्यास आधीच ठाऊक असले पाहिजे.