अठ्ठेचाळीस मिनिटांत ‘ययाति’

पहाटे ५.१५
कोल्हापूरजवळच्या उचगावातलं दोन खोल्यांचं घर. गॅसवर एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला तवा. भाकरी भाजेपर्यंत मॅडम ओट्यावर उघडून ठेवलेलं पुस्तक वाचतात. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’. प्रत जुनी, वर ब्राऊन पेपरचं कव्हर. समासात पेन्सिलीनं अक्षरं काढलेली. ययाति बोलतो तिथं ‘य’, देवयानी बोलते तिथं ‘दे’, शर्मिष्ठेसाठी ‘श’. हात पुसायचे, पान उलटायचं, पुन्हा पीठ मळायला घ्यायचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पहिला तास आहे.

सकाळी ६.४५
मोपेडमध्ये शंभराचं पेट्रोल. लिटरभरही येत नाही, पण दोन दिवस निघतात. तावडे हॉटेल, मग कावळा नाका. उसाचा हंगाम सुरू झालाय. ट्रॉल्यांच्या मागं गाडी रांगते. पिशवीत पुस्तक, हजेरी, डबा आणि फळ्यावरचं मार्कर. मार्कर पंचवीस रुपयांचं, स्वतःच्या पैशानं घेतलेलं.

सकाळी ७.३०
मस्टरवर सही. कायम प्राध्यापकांचं मस्टर वेगळं, तासिका तत्त्वावरच्यांचं वेगळं. सेट ही पात्रता परीक्षा पास होऊन बरीच वर्षं झाली. नेमणूक दर वर्षी नवी.

सकाळी ७.४५
वर्गात एकोणीस जण. ग्रंथालयातून आणलेल्या प्रती सहा. तिघा-तिघांत एक. शाहूवाडीकडच्या पोरींची एसटी अजून यायचीय.

पहिल्या बाकावरची मुलगी पाठ केलेलं घडाघडा सांगते. ययाति म्हणजे भोग. कच म्हणजे संयम. शर्मिष्ठा म्हणजे निष्काम प्रेम.

“चूक नाही,” मॅडम म्हणतात. “आता जागा दाखव. कुठल्या पानावर?”

पानं चाळली जातात. मॅडम फळ्यावर उभी रेघ मारतात. डावीकडे लिहितात, ‘कोण बोलतं’. उजवीकडे, ‘कोण बोलत नाही’. डावी बाजू लगेच भरते: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. तिघंही ‘मी’ म्हणून आपापली बाजू सांगतात. उजवीकडे नावं वाढत जातात. कच. यति. पुरू.

“पुरू?” मागच्या बाकावरचा मुलगा विचारतो. “त्यानंच तर बापाला तारुण्य दिलं की ओ मॅडम.”

“दिलं. आणि ते सांगतं कोण?”

मुलगा पुस्तक ओढून घेतो.

महाभारताच्या आदिपर्वातलं हे उपाख्यान. खांडेकरांनी ते १९५९ साली कादंबरीत आणलं. पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार. सनावळी मॅडम दोन वाक्यांत उरकतात. वेळ द्यायचा तो अलकेला. राजवाड्यातल्या दासीची मुलगी, विष देऊन मारलेली. तिचा सोनेरी केस ययातीला पुढंही आठवत राहतो.

“हे प्रतीक कशाचं?”

“वासनेचं.” “नाही, खऱ्या प्रेमाचं.” “पापाची टोचणी आहे मॅडम ती.”

मॅडम तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहितात. एकही पुसत नाहीत. तेवढ्यात उशिरा आलेल्या एसटीतली मुलगी, अजून धाप लागलेलीच, बोलते. “पण मॅडम, अलका तरी कुठं बोलतीया? तिचा केस तेवढा राहिलाय. आणि तो पण ह्याच्याच आठवणीत.”

मॅडम उजव्या रकान्यात अलकेचं नाव लिहितात. मग त्या मुलीला पुढं बोलावतात आणि मार्कर तिच्या हातात देतात. तिचं वाक्य तिनंच लिहायचं. मुलगी लिहिते. अक्षर तिरकं जातं. बाकीचे ते वहीत उतरवून घेतात.

प्रतीक पकडायचं म्हणजे ‘अमुक म्हणजे तमुक’ एवढ्यावर थांबायचं नसतं. ती वस्तू कुणाच्या हातात आहे, कुणाच्या नजरेतून दिसते, तेही बघायचं असतं. आज हे वर्गानं आपलं आपण शोधलं. ८.३३ ला घंटा होते.

सकाळी ९.२१
पहिल्या वर्षाचा तासही संपला. दहा रुपयांचा चहा. मॅडम वही काढतात. तारीख, वर्ग, घटक, मिनिटं. तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची, मानधन साठ मिनिटांच्या तासावर. पाच तासिका घ्याव्यात तेव्हा चार तास भरतात. आज दोन तासिका, म्हणजे शहाण्णव मिनिटं. पहाटेच्या वाचनाला वहीत रकाना नाही. सुट्ट्यांना मानधन नाही. महिन्याचं बिल द्यायचं आणि पैसे जमा व्हायची वाट बघायची.

सकाळी १०.४५
शिवाजी विद्यापीठ. बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जागा मिळते. आज काढायचंय गिरीश कार्नाडांचं ‘ययाति’ नाटक. मूळ कन्नड, १९६१ चं. खांडेकरांच्या कादंबरीनंतर दोनच वर्षांनी आलेलं. कार्नाडांनी पुरूला बायको दिली, चित्रलेखा. नवऱ्यानं परस्पर आपलं तारुण्य देऊन टाकलं. तिला कुणी विचारलं नाही. ती सासऱ्याला जाब विचारते आणि जीव देते. मॅडम हे लिहून घेतात. उजव्या रकान्यातल्या पुरूशेजारी आणखी एक नाव.

दुपारी १.१५
आवारातच झाडाखाली डबा. भाकरी, गवारीची भाजी, खर्डा. इथंच, विद्यापीठात, वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे. मॅडम दर वर्षी एक वर्ग तिथं आणतात. मुलं ज्ञानपीठाबद्दल विचारतात. १९७४ चं, मराठीतलं पहिलं. मॅडम आधी शिरोड्याचं सांगतात. १९२० ते १९३८, सलग अठरा वर्षं हा माणूस कोकणातल्या खेड्यातल्या शाळेत शिकवत होता. शिकवायचा आणि लिहायचा. त्यानंतर कोल्हापूर. शेवटी दृष्टी गेली, तरी मजकूर तोंडी सांगून दुसऱ्याकडून उतरवून घेणं चालूच होतं.

दुपारी ३.३०
स्पर्धा परीक्षेचा खासगी क्लास. समास, प्रयोग, वाक्यपृथक्करण. सत्तर मुलं, एक माईक, दीड तास. इथं पात्र नाही, प्रतीक नाही. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला रोख. घरभाडं यातून जातं.

संध्याकाळी ५.४५
करवीर नगर वाचन मंदिर. १८५० पासूनचं ग्रंथालय. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ घ्यायचीय. सावंत जिल्ह्यातलेच, आजऱ्याचे. कादंबरी १९६७ ची. तिथंही पात्रं स्वतः बोलतात: कर्ण, शोण, दुर्योधन, वृषाली, कुंती, कृष्ण. वृषाली कर्णाची बायको. मॅडम उभ्यानंच तिचा भाग चाळतात. चित्रलेखेच्या शेजारी वृषाली ठेवून बघितली तर मुलांना निबंधाला विषय मिळेल.

रात्री ९.४०
भांडी झाली. पोराचा अभ्यास झाला. आता तिसऱ्या वर्षाच्या वह्या. लाल पेन. गेल्या आठवड्यात दिलेला प्रश्न होता, ‘पुरूच्या तोंडून अर्धं पान लिहा’. बऱ्याच जणांनी पुरूला त्यागमूर्ती केलंय. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा पुरू निराळा आहे. तो म्हणतो, मी हो म्हणालो कारण नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. शुद्धलेखनाच्या चुका सात. मॅडम त्या सातही दुरुस्त करतात. खाली लिहितात: ‘वाक्य तुझं आहे. आता कादंबरीतला पुरावा शोध. पुरू आणि ययाति समोरासमोर येतात ते प्रकरण पुन्हा वाच.’

रात्री १०.३०
उद्याच्या तासाचं टाचण. या मुलाला पुरूची बाजू मांडायला उभं करायचं. एसटीतल्या मुलीनं अलकेची मांडायची. प्रत्येकाला दहा मिनिटं, पुस्तक हातात घेऊन, पान क्रमांकासकट. उरलेली अठ्ठावीस मिनिटं वर्गाच्या प्रश्नांना. मॅडम वेळ पुन्हा मोजून बघतात आणि स्वतःच्या प्रस्तावनेवर काट मारतात.