तळेगावचे 'ओसाड' रान

'मूलनिवासी' हा शब्द आपल्या सभांतून आता सर्रास ऐकू येतो. महार, मांग, गोंड, कोलाम सगळे त्यात बसतात. एकजुटीची हाक म्हणून ठीक आहे. इतिहास म्हणून मला तो पुरेसा वाटत नाही. नागपूर-अमरावती रस्त्यावरचे आमचे तळेगाव घेतले, तरी गोंडाचे दुःख आणि आपले दुःख एकाच वाटेने आलेले नाही हे दिसते.

गावाच्या नावातच 'श्यामजी पंत' आहे. गोंडाचे नाव कुठल्या पाटीवर नाही.

सतराव्या शतकाच्या आरंभी जहांगीर बादशहाने महंमद खान नियाझी या अफगाण सरदाराला आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हे परगणे दिले. त्याची कबर शेजारच्या आष्टीला आहे. मुलूख ओसाड होता, त्याने तो भरभराटीस आणला, असे इंग्रजी गॅझेटियर कौतुकाने सांगते. ओसाड म्हणजे काय? नांगर नाही, सारा नाही, ते ओसाड! मोह वेचणारा, रान जाळून कोदो-कुटकी पेरणारा माणूस या हिशेबात धरलाच जात नाही. इंग्रजांनी 1788 पासून ऑस्ट्रेलियात भूमी 'कोणाचीच नाही' असे मानूनच वसाहत केली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक 1992 साली फेटाळले. आपल्याकडचा 'ओसाड' मात्र गौरवाचाच शब्द राहिला.

परंतु बाहेरून आलेला प्रत्येक जण लुटारू होता, असेही नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने नागपूर वसवले आणि शेतकरी, कारागीर यांना स्वतः बोलावून मैदानी मुलुखात जागा दिली. 1739 साली त्याचा वारस चांद सुलतान वारला. पुढच्या भाऊबंदकीत रघूजी भोसल्याने सत्ता हाती घेतली आणि गोंड राजा नावापुरता, नेमणुकीवर उरला.

खरा घाव बसला तो कागदाने. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर, 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात सारा वसूल करणाऱ्या मालगुजारालाच इंग्रजांनी गावाचा मालक ठरवले. 1878 च्या कायद्याने राखीव जंगलातला गोंडाचा वावर गुन्ह्यासारखा झाला. मालगुजारी 1951 साली गेली. तोवर गोंड पुष्कळ ठिकाणी मजूर होऊन बसला होता.

स्वराज्याचा कागदही वेगळा निघाला नाही. विदर्भातला गोंड अनुसूचित जमातीत धरला गेला तो फक्त मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ या तालुक्यांत. वर्धा जिल्हा यादीबाहेर. म्हणजे वर्धा जिल्ह्यातला गोंड कायद्याने आदिवासीच नव्हता! शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही. हे क्षेत्रबंधन 1976 च्या कायद्याने उठले. महाराष्ट्रात 1971 च्या जनगणनेत अनुसूचित जमातींची संख्या सुमारे 29.5 लाख होती. 1981 मध्ये ती 57.7 लाख झाली. त्यात खोटी नावे शिरल्याची तक्रार आदिवासी संघटनांनी केली. परंतु वाढीचे मोठे कारण हेच की, असलेली माणसे प्रथमच मोजली गेली.

आता आपल्याकडे वळू. गावाने महाराला शिवेबाहेर ठेवले, पण त्याच्या सेवेवाचून गावगाडा चालत नव्हता. गोंडाची आधी जमीन हवी होती. तो स्वतः मजूर म्हणून नंतर कामी आला. शिवाय मध्यप्रांतात गावचा कोतवाल बहुधा महार असे. सरकारचा हुकूम गोंडाच्या झोपडीपर्यंत नेणारा पाय पुष्कळदा आपलाच होता. ही गोष्ट 'मूलनिवासी' या शब्दात झाकून जाते, म्हणून मी ती मुद्दाम लिहितो.

त्याच कोतवालाचे दुसरे कामही सांगितले पाहिजे. गावातल्या जन्म-मृत्यूची वर्दी तो देई आणि नोंदीत जात लिहिली जाई. आज जातपडताळणी समितीपुढे गोंड विद्यार्थ्याला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबाच्या नावावर सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही. मग तो तहसील कचेरीत जातो आणि कोतवाल बुकाची नक्कल मागतो.