अर्ध्या मिलिमीटरची धमनी

माणसाचा मेंदू साधारण १,४०० ग्रॅमचा. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं पंधरा ते वीस टक्के रक्त तो एकटा घेतो. मिनिटाला सुमारे ७५० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला हजार लिटरहून जास्त. गच्चीवरची काळी मोठी टाकी रोज एकदा तळापर्यंत रिकामी व्हावी, एवढं. हे सगळं रक्त वर चढतं ते चारच धमन्यांतून : मानेत पुढच्या बाजूला दोन कॅरोटिड आणि मागे मणक्यांच्या छिद्रांतून जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. त्यांतली थोरली कॅरोटिडसुद्धा कवटीत शिरताना जेमतेम चार-पाच मिलिमीटरची असते.

कवटीच्या तळाशी, इंच-दीड इंचाच्या जागेत, या धमन्या एकमेकींना जोडून घेतात आणि एक कडं तयार होतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ साली त्याचं काम उलगडून सांगितलं, म्हणून ते ‘सर्कल ऑफ विलिस’. त्याच्या ग्रंथातली चित्रं काढणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधलं. विलिसला एका शवविच्छेदनात कॅरोटिड पूर्ण बंद झालेली आढळली. तरीही त्या माणसाला हयातीत पक्षाघात झाला नव्हता. उरलेल्या धमन्यांचं रक्त कड्यातून वळून तिकडे पोचत होतं.

मात्र पुस्तकातल्या चित्रासारखं भरलेलं कडं निम्म्याहून कमी माणसांत सापडतं. कुणाची जोडधमनी दोन मिलिमीटरची, कुणाची एक, कुणाला ती नाहीच. एका मिलिमीटरने काय होतं? दाब आणि लांबी तीच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो.

मला सगळ्यांत थक्क करतात त्या याहूनही बारीक शाखा. फ्लोरिडातले न्यूरोसर्जन अल्बर्ट ऱ्होटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजल्या. मेंदूच्या मधल्या धमनीतून एका बाजूला सरासरी दहा निघतात. कुणात एकच, कुणात एकवीस. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हातापायांना हुकूम नेणारे तंतू जिथून दाटीने खाली उतरतात, त्या खोल भागाला रक्त देण्याचं काम यांचं. कड्यातल्या धमनीला पर्याय मिळू शकतो, यांना नाही. सुमारे तीन टक्के प्रौढांमध्ये मेंदूच्या मोठ्या धमन्यांवर कुठेतरी फुगा, म्हणजे अॅन्युरिझम असतो. तो फुटू नये म्हणून त्याच्या मानेवर, म्हणजे बुडाशी, क्लिप लावताना मागे दडलेली अशी एखादी शाखा चिमटीत आली, तर फुगा बंद होतो आणि रुग्णाचं अर्धं अंग लुळं पडू शकतं. क्लिप बसवण्यापेक्षा ही शाखा वाचवण्यात सर्जनची खरी कसोटी आहे, असं मी मानतो.

धमनी क्लिपनेच बंद होते असं नाही, रक्ताच्या गुठळीनेही होते. २००६ मध्ये जेफ्री सेव्हर या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने हिशेब मांडला : मोठ्या धमनीत गुठळी अडकून राहिली, तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी आणि १,४०० कोटी जोडण्या मरतात. तेव्हा घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळून पडला, बोलणं अडखळलं, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय तडक गाठा.