टेम्पोची हवा आणि गल्ल्यातील गळती

छोटा व्यापार किंवा हातातील कसब यांवर संसार चालविणाऱ्या आपल्या बांधवांच्या दारात आज स्वतःचे एखादे वाहन असतेच. फळांचे आडतदार, भंगाराचे व्यापारी, फर्निचर बनविणारे, फॅब्रिकेशनवाले, यंत्रमागाचा माल पोचविणारे, कोणाकडे छोटा टेम्पो आहे, कोणाकडे तीनचाकी, तर कोणाकडे निदान मोटारसायकल. दुकानात सुतळीच्या गुंडीचाही हिशेब ठेवणारा माणूस गाडीच्या बाबतीत मात्र "डिझेल टाकले, गाडी चालली" एवढ्यावर समाधान मानतो. इंजिनाचा आवाज बदलला तर तो लगेच मिस्त्रीकडे धावतो. चाकाकडे पाहतो ते पंक्चर झाल्यावरच.

आम्हीही त्यातलेच होतो. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात नाशिकहून माल भरून आमचा टेम्पो मालेगावला परत येत होता. गाडी आमचा भाचा चालवीत होता, शेजारी आम्ही. पिंपळगाव बसवंत मागे पडले आणि मागचा डावा टायर मोठा आवाज करून फुटला. पोराने ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू कडेला घेतली, म्हणून निभावले. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. भर उन्हात तीन तास गेले. टायरवाल्याने फुटलेला टायर उघडून दाखविला, तेव्हा आत रबराचा काळा भुगा पडलेला होता आणि बाजूची भिंत गोलाकार फाटली होती. तो म्हणाला, "शेठ, हा टायर खिळ्याने नाही मेला, हवेने मेला." वालातून हळूहळू हवा जात होती. आठ-दहा दिवस कोणी गेज लावून पाहिले नव्हते. तोच टायर पुढे राहूड घाटाच्या उतारावर फुटला असता तर काय झाले असते, हे आम्ही त्या रात्री घरी कोणाला सांगितले नाही.

हवा कमी असली की टायर का मरतो, हे एकदा समजून घेतले पाहिजे. गाडीचा भार रबर उचलीत नाही, आतली दाबलेली हवा उचलते. हवा कमी झाली की टायर जमिनीशी जास्त चपटा होतो, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजूची भिंत वाकते नि सरळ होते. तार वारंवार वाकविली की ती हाताला गरम लागते, तसेच इथे होते. त्यात वरून ऊन, खालून तापलेला रस्ता आणि पाठीवर माल. ही उष्णता टायरच्या आतील थर सुटे करते. वाकविण्यात जी ताकद खर्च होते ती इंजिनाकडूनच येते, म्हणजे तुमच्या डिझेलमधून येते. एकाच दोषाने टायरही जातो आणि इंधनही जाते.

किती जाते? हवा ठरलेल्या दाबापेक्षा पाव हिस्सा कमी असेल तर इंधन 5 ते 10 टक्के जास्त लागते आणि टायरचे आयुष्य सुमारे पाव हिस्स्याने घटते, असे साधारण मानले जाते. आपण कमी आकडा धरू. समजा टेम्पो रोज 80 किलोमीटर धावतो, महिन्यात 25 दिवस. म्हणजे 2,000 किलोमीटर. लिटरला 16 किलोमीटर पडत असतील तर 125 लिटर डिझेल लागले. लिटरला 90 रुपये धरले तर 11,250 रुपये झाले. त्याचे 5 टक्के म्हणजे महिन्याला सुमारे 560 रुपये, वर्षाला 6,700 च्या पुढे. शिवाय 40 हजार किलोमीटर चालणारा टायर 30 हजारांतच बाद. म्हणजे वीस महिने जाणारा संच पंधरा महिन्यांत बदलावा लागला. एवढी रक्कम गल्ल्यातून कोणी उचलून नेली असती तर आपण मोहल्ला डोक्यावर घेतला असता.

हवा नेमकी किती भरावी? याचे उत्तर शेजाऱ्याच्या गाडीवर नाही, तुमच्या गाडीच्या पुस्तकात किंवा दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवर आहे. तेथे पुढच्या व मागच्या चाकांचे, रिकाम्या व भरल्या गाडीचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा हा त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो, भरण्याचा दाब नव्हे. या दोहोंत घोटाळा करणारे आम्ही पुष्कळ पाहिले. हवा नेहमी सकाळी, गाडी हलण्यापूर्वी तपासावी. गाडी धावली की टायर तापून दाब चार-सहा पौंडांनी वर जातो. तो पाहून कित्येक ड्रायव्हर दुपारी हवा सोडतात. ही मोठी चूक आहे, कारण थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो.

चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा आपोआप जाते. थंडीत हवामान पाच-सहा अंशांनी उतरले तर आणखी एक-दीड पौंड कमी होते. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून ठेवावा. आमच्याकडे शुक्रवारी गाडी उशिरा निघते, त्यामुळे सकाळीच पाच चाके तपासून होतात. पाचवे म्हणजे स्टेपनी. काही जण टायरवर पान्याने ठोकून आवाजावरून हवा सांगतात. कान कितीही तयार असला तरी दहा पौंडांचा फरक त्याला कळेलच असे नाही, आणि रेडियल टायर तर योग्य हवेतही थोडा फुगलेला दिसतो. दोन-तीनशे रुपयांचे गेज घ्यावे आणि स्वतःचेच वापरावे. पंपावरचे गेज दिवसभर जमिनीवर आपटत असते. वालाचे टोपण हरवले तर लगेच बसवावे, धूळ आत गेली की वाल गळू लागतो. राहिला प्रश्न नायट्रोजनचा. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन आहे. पैसे देऊन भरला तर नुकसान नाही, पण तो भरला म्हणून गेज विसरणार असाल तर साधी हवा बरी.

टायर कसा झिजला हे पाहता आले तर मिस्त्रीची अर्धी फी वाचते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत, म्हणजे हवा कमी राहिली. मध्येच झिजला तर हवा जास्त भरली. एकच कड खाल्ली गेली तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे किंवा पुढचे किंगपिन वा सांधे सैल झाले आहेत. जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजला तर शॉक अॅब्सॉर्बर थकले किंवा बॅलन्सिंग गेले. नक्षीवरून हात फिरविल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तरी अलाइनमेंटच पाहावे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुस्तकात दिल्याप्रमाणे टायरांची अदलाबदल करावी आणि त्याच वेळी अलाइनमेंट तपासून घ्यावे. त्याचे चार पैसे लागतात, पण एका टायरच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत.

नक्षी किती उरली हे पाहायला आगकाडी पुरे. तिची जाडी सुमारे 2 मिलिमीटर असते. काडी खाचेत लांबीने आडवी ठेवा. ती नक्षीच्या वर डोकावू लागली तर टायर बदलायची वेळ आली. कायद्याने चारचाकी वाहनाला 1.6 मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीला 0.8 मिलिमीटर खोली किमान लागते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना समतल झाली की मर्यादा संपली असे समजावे. गोटा टायर कोरड्या रस्त्यावर एक वेळ दगा देत नाही, पहिल्या पावसात देतो. जुन्या टायरवर खाचा कोरून तो "चालता" करून देणारे बाजारात आहेत. छोट्या गाडीच्या टायरला हे मुळीच करू नये. खाच रबरात नव्हे, आतल्या धाग्यांजवळ जाते. रिट्रेड केलेला टायर चांगल्या ठिकाणचा असेल तर मागे चालतो. पुढच्या चाकाला आम्ही तो कधीच लावणार नाही.

आता भाराबद्दल. सणासुदीच्या आधी पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन माल चढतो, ही गोष्ट आपण सारे जाणतो. "एकच खेप आहे" म्हणून चढतो. जादा हवा भरली की जादा भार चालतो, असा समज आहे. तो खरा नाही. टायरची भार सोसण्याची मर्यादा त्याच्या बाजूवर अंकात दिलेली असते आणि ती हवेने वाढत नाही. जादा भाराने ब्रेकही उशिरा लागतो. माल भरताना जड वस्तू मागच्या अॅक्सलच्या पुढे, मध्यभागी ठेवाव्यात. सळई किंवा लाकूड मागे लोंबकळले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. दोन खेपांचे डिझेल वाचविले आणि एक टायर गमावला, यात व्यापार कोणता?

चाकात आणखी एक चोर असतो, तो दिसत नाही. ब्रेक पूर्ण सुटत नसेल किंवा बेअरिंग घट्ट झाले असेल तर गाडी सतत ब्रेक ओढत चालते. लांब फेरीनंतर चारही चाकांच्या हबजवळ हात न लावता नुसता जवळ नेऊन पाहावा. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले असेल तर मिस्त्रीला दाखवावे. सपाट जागेवर गिअर काढून दोन माणसांनी रिकामा टेम्पो ढकलला तर तो सहज सरकला पाहिजे. जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलवावे, खडखड लागली तर बेअरिंग सैल आहे. चाक बदलल्यावर नट समोरासमोरचे आवळावेत, रांगेने नव्हे, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावावा. मोटारसायकलवर अवजारांची पेटी घेऊन फिरणाऱ्या वायरमन, प्लंबर बांधवांनी मागच्या चाकाची हवा भारानुसार ठेवावी आणि चेनला वेळेवर तेल द्यावे. कोरडी, फार आवळलेली चेनही पेट्रोल खाते.

चाके ठीक झाली की उरते ते चालविणे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतील पीसीआरए ही संस्था 1978 पासून इंधन बचतीचे काम करते. मोटारींबाबत तिचे सांगणे असे की, ताशी 80 ऐवजी 45 ते 55 किलोमीटर वेगाने गाडी चालविली तर त्याच इंधनात 40 टक्क्यांपर्यंत जास्त अंतर कापले जाते. कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट. उंच रचलेला माल आणि फडफडणारी ताडपत्री असली तर आणखीच. ताडपत्री घट्ट बांधणे हीसुद्धा डिझेलची बचत आहे.

हमाल माल उतरवीत असताना इंजिन चालू ठेवण्याची सवय फार वाईट. छोटे डिझेल इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पिते. मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचे असेल तर बंद करावे. टर्बो गाडी लांबून आली असेल तर अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग बंद करावी, एवढाच अपवाद. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणे, ही "बचत" आम्हाला हमखास ऐकायला मिळते. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत संपते. घाट ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकांना एक सुचवू. खेपेवर पैसे दिले की तो गाडी पळवितो, टायर तुमचा आणि जीव त्याचा. त्याऐवजी वही ठेवा. टाकी पूर्ण भरा, मीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर लागले ते लिहा, म्हणजे लिटरला किती पडले ते कळेल. महिनाभराची सरासरी काढून त्यावर जे वाचेल त्यातला अर्धा वाटा ड्रायव्हरला द्या. आम्ही तसे करतो. हवा तपासा म्हणून आता आम्हाला सांगावे लागत नाही.

नवा टायर घेताना बाजूवर शेवटी असलेले चार अंक वाचावेत. 3521 असे असेल तर तो 2021 सालच्या 35 व्या आठवड्यातला. दुकानदार "ताजा माल" म्हणाला तरी आकडा पाहूनच पैसे मोजावेत. जुना टेम्पो विकत घेताना तर चारही टायर आणि स्टेपनीवरचे आकडे वहीत उतरवून घ्यावेत आणि मगच भावाचे बोलावे.