तोटा कोणाच्या माथी?

बँक अडचणीत आली की सरकारने मदत करावी की नाही, असा वाद नेहमी माजतो. आमच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. मदत कोणाला आणि कोणत्या अटीवर, हे आधी विचारले पाहिजे. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. ताळेबंद वाचायला आम्ही पगारवाढीच्या वाटाघाटींत शिकलो. तेथे एक गोष्ट पक्की समजली : तोटा नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी माथी बसतो. या दृष्टीने स्वीडनचा अनुभव पाहण्यासारखा आहे.

१९८५ मध्ये तेथील बँकांच्या कर्जवाटपावरील मर्यादा उठल्या. बँकांनी चढाओढीने कर्जे दिली. पैसा इमारतींत गेला, इमारतींचे भाव चढले आणि चढलेल्या भावाच्या तारणावर आणखी कर्जे निघाली. पुढे भाव कोसळले. समजा, कर्ज शंभराचे आणि तारण उरले साठाचे; मग उरलेले चाळीस कोणी भरावयाचे?

सप्टेंबर १९९२ मध्ये सरकारने जाहीर केले की, ठेवीदारांचे व बँकांच्या इतर धनकोंचे पैसे बुडणार नाहीत. भागधारकांना मात्र हे अभय नव्हते. विरोधी पक्षानेही या निर्णयाला साथ दिली. मदत मागणाऱ्या बँकेला आपले हिशेब उघडे करावे लागत आणि बुडीत कर्ज बुडीत म्हणूनच दाखवावे लागे. गोटा बँक सरकारने ताब्यात घेतली; तिच्या भागधारकांच्या हाती काही लागले नाही. नॉर्डबँकेन ही मुळातच बहुतांशी सरकारी मालकीची बँक. तिची बुडीत कर्जे ‘सेक्युरम’ या सरकारी कंपनीकडे सोपवली. त्या कंपनीने हाती आलेली मालमत्ता क्रमाक्रमाने विकून १९९७ मध्ये आपले काम आटोपले. सरकारचा बराचसा पैसा त्यामुळे परत आला.

याउलट आयर्लंडचे पाहा. सप्टेंबर २००८ मध्ये तेथील सरकारने खड्डा किती खोल आहे हे न मोजताच मोठ्या बँकांच्या देण्यांची हमी घेतली. बँका सावरायला सुमारे ६४ अब्ज युरो लागले. रोखेधारकांची देणी बहुतांशी जनतेच्या पैशांतून फिटली. स्वीडनचे सरकार मात्र हमी देण्यापूर्वी वर्षभर बँकांच्या तोट्यांशी झुंजत होते.

परंतु स्वीडनचे गोडवे गातानाही आम्ही दुसरी बाजू विसरणार नाही. तेथील बेकारी १९९० मध्ये शेकडा दोनच्या आसपास होती. १९९३ मध्ये ती आठांवर गेली. ठेवीदार वाचला, सरकारी पैसाही बराचसा परत आला, पण कामगाराची गेलेली नोकरी कोणत्याही ताळेबंदात जमा झाली नाही.

तेव्हा धडे दोन. संकट आल्यावर बँक वाचवावी, मालकाचा तोटा आपल्या अंगावर घेऊ नये. आणि त्याहून मोठा धडा असा की, लगाम तेजीच्या दिवसांतच आवळावा. घोडा उधळल्यावर लगाम शोधणाऱ्याच्या हाती फक्त धूळ येते.